घर क्रमांक ४१ च्या खिडकीबाबत

मी, तानाजी धुळा बनगर, वय चोपन्न, धंदा लिखाण, राहणार बनगर वस्ती, औंधजवळ, जिल्हा सातारा, शुद्धीत राहून आणि कुणाच्या धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझं सदर वाचणाऱ्यांनी त्याला हरकत घेऊ नये. माझ्या फुफ्फुसांवर २०२१ सालच्या साथीचे वण आहेत. दोन वाक्यं झाली की ऑक्सिजनची नळी नाकाला लावावी लागते. म्हणून वाक्यं आखूड आहेत, ती शैली समजू नये.

१. घर, पुढचा सोपा आणि बोअर थोरले बंधू तात्याबा यांना. मी लग्न केलं नाही. त्यात कुणावर अन्याय झालेला नाही, एक-दोघी वाचल्याच. मागच्या खोलीच्या खिडकीसाठी कलम ५ पाहावं.

२. बँकेत असेल ते तात्याबांची मुलगी डॉ. उत्कर्षा हिला. ती मिरजेला संशोधन करते. आधी तिचं काम गुडघ्याच्या कुर्चेवर होतं. झिजलेल्या सांध्यात नवी कुर्चा कशी वाढवायची, ते. २०१९ मध्ये आमच्या आईच्या, रंगुबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा संमतीच्या कागदावर आईचा अंगठा घेऊन तिने हरभऱ्याएवढी कुर्चा ठेवून घेतली. मग साथ आली आणि तिला विषाणू हवेत किती वेळ तरंगतो, हे मोजायला बसवलं.

आईने फोनवर विचारलं, "माज्या गुडघ्याचं काय झालं गं?"

"आजी, आधी वारं बघती, मग गुडघं."

"एकच हाय की ते," आई म्हणाली. आमच्याकडे सांध्यांत शिरतं ते वारंच.

३. माझ्या 'उलटं वारं' या सदराची सगळी कात्रणं इस्लामपूरच्या साप्ताहिकाचे संपादक ऋषिराज यांना. यांनी माझ्या चांगल्या ओळी जागेअभावी कापल्या आणि वाईट ओळी चौकटीत टाकल्या. आता सगळं सलग वाचावं, एवढीच शिक्षा. एप्रिल २०२१ चं कात्रण मात्र उत्कर्षाला द्यावं.

४. देह. जाळू नये, पुरू नये, मिरजेला पोचवावा. फुफ्फुसं आणि गुडघे उत्कर्षाच्या कामाला चालत असतील तर तिने घ्यावेत. तात्याबांची संमती लागते. ती मागितली तेव्हा ते म्हणाले, "मग मातीला काय न्यायचं रं? तुजी कात्रणं?"

"न्या की दादा. लय जड हायत, चौघं लागतील."

ते हसले नाहीत. दोन दिवसांनी सही केली. गुडघ्याचा तुकडा ठेवायचा झाला तर आईच्या तुकड्याशेजारी ठेवावा. ती हरभऱ्याएवढी कुर्चा मिरजेच्या शीतपेटीत अजून जिवंत आहे. आईचं तेवढंच उरलं आहे. तिथे वारं नाही. आईला चालेल.

५. खिडकी. हे कलम उत्कर्षाने बसून वाचावं.

एप्रिलात तुझा निरोप आला, 'काका, हा हवेतनं पसरतोय.' मी आई झोपायची त्या मागच्या खोलीच्या एकुलत्या खिडकीत घोंगडं कोंबलं आणि शेजारच्या नाथाजीकडून फळीला खिळे मारून घेतले.

"तानाजी, उन्हाळ्याचं खिडकी मारतूस व्हय?"

"रोग वाऱ्यातनं येतोय, गड्या. शास्त्रज्ञ म्हणत्यात."

आई खूश झाली. "लय बरं केलंस. गुडघ्यात वारं शिरत हुतं." पत्र्याखाली, एप्रिलात, ती त्या रात्री न कण्हता झोपली. मी त्यावर सदर लिहून पाठवलं: खिडक्या लावा, हवा खाणारे हवेत गेले. तोवर साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाला जाऊन मी खोकला घेऊन आलो होतो. आईला ते सदर मी तीन दिवस वाचून दाखवलं. पुन्हा पुन्हा, तिला आवडलं म्हणून.

मग तुझा फोन आला. "काका, बाहेरच्या हवेचं भ्या न्हाई, कोंडल्याली हवा वाईट. खिडकी उघडी हाय न्हवं?"

मी म्हणालो, "उघडीच हाय."

खिळे काढायला दहा मिनिटं लागली असती. पण सदर छापायला गेलं होतं. खिडकी उघडली असती तर ते खोटं पडलं असतं. कारण एवढंच आहे. मोठं शोधू नये.

आई तापाच्या नवव्या दिवशी गेली. पुढे तू दोनशे घरांची पाहणी केलीस. आम्ही घर क्रमांक ४१. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडी की बंद, या प्रश्नाला मी 'उघडी'वर खूण केली. तेव्हापासून तू दर दिवाळीला म्हणतेस, "एकेचाळीस काय बसत न्हाई बघा, काका. वेळेवर सांगूनबी आजी गेली. माजंच कायतरी चुकतंय." आणि मी म्हणतो, फराळ घे.

तुझं चुकलेलं नाही. तू वेळेवर आणि बरोबर सांगितलंस. हे तोंडाने सांगता आलं नाही, तोंडाचाच धंदा असूनही. मेलेल्याला कुणी उलटा फोन करत नाही, म्हणून इथे लिहिलं.

६. सबब नोंद दुरुस्त करावी. घर क्रमांक ४१: खिडकी बंद. खोकला घरच्याच माणसाचा.

७. ती खिडकी अजून तशीच आहे. मी रोज तिच्याकडे पाय करून झोपतो. हे लिहून झाल्यावर नाथाजीने खिळे काढावेत. तात्याबांनी ती पुन्हा बुजवू नये, कुणाचे गुडघे दुखले तरी.

वरील मजकूर माझा मी लिहिला, वाचून पाहिला, एकही ओळ कापलेली नाही.

बनगर वस्ती, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) तानाजी धुळा बनगर

साक्षीदार १: सही समक्ष झाली. कलम ३ मान्य. (सही) ऋषिराज, संपादक

साक्षीदार २: सही माज्यासमोर झाली. खिळं मीच मारल्यालं. तीनातलं दोन निघालं. तिसरा गंजून मोडला, टोक आत ऱ्हायलंय. खिडकी उघडती. (सही) नाथाजी