छपरावरचा कर्णा आणि नुबियाचं उत्तर

प्रिय कुस्तोदियाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, एवारिस्तोचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला वायरीची काळी चिकटपट्टी लागली आहे, ती चार दिवस निघत नाही, तेव्हा नमस्कार जरा चिकट समजावा). तुझे गुडघे कसे आहेत? बारांकियाच्या उकाड्यात जिने चढू नकोस. जावयाचा खोकला थांबला का? आम्ही इथे पुएर्तो गार्सात मजेत आहोत असं लिहायला बसलो होतो, पण मी मजेत आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय, म्हणून हे सविस्तर.

माझी रेनो तू ओळखतेसच. चाळीस वर्षांची गाडी, दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, आणि छपरावर तो कर्णा. कोण वारलं, कुणाची डुकरीण हरवली, धक्क्यावर मासळी कधी आली, हे बावीस वर्षं मी त्यातूनच गावाला सांगत हिंडतो. बाहेर सगळं खणखणीत, पण आत मात्र रेडिओला एकच स्पीकर, आणि तो बेडकासारखा डराव डराव करतो. येत्या रविवारी नुबियाला नदीवर फिरायला न्यावं आणि तिथे तिला लग्नाचं विचारावं असं माझ्या मनात आलं (हो, तीच नुबिया, अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, अरेपे, तळणारी, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, नाक मुरडू नकोस). बेडकाच्या साथीने असलं काही विचारता येत नाही. म्हणून यामिलच्या दुकानात गेलो.

यामिलने आधी विचारलं, बेस हवा की ट्रेबल? मी म्हटलं, दोन्ही दे, फक्त आपसात भांडायला नकोत. त्याने दारांची अस्तरं सोलली, चार स्पीकर बसवले, सीटखाली एक गरम होणारा डबा ठेवला, निळ्या दिव्यांचा नवा स्टिरिओ लावला आणि माझ्या नाकासमोर वाटाण्याएवढा माइक चिकटवला, म्हणे फोनसाठी. (मला फोन करणारी तू एकटी, आणि तूही हल्ली करत नाहीस.) मग कुठली वायर कुठे जाते हे त्याने अर्धा तास समजावलं. मी मान डोलावत होतो. डोक्यात राहिलं एवढंच की काचा बंद ठेवा, नाहीतर बेस पळून जातो.

तर सोमवारपासून काचा बंद, आत अकॉर्डियन हळू आवाजात, आणि गाडी चालवता चालवता मी नुबियाला काय म्हणायचं त्याची तालीम करत होतो. एकदा "नुबिया, तुझ्या हाताचे अरेपे खाऊन माझं पोट सुटलं, आता तू तरी मला सोडू नकोस" असं म्हणून पाहिलं. एकदा, लग्नात तुला आईची कर्णफुलं घालीन, ती माझ्या ताईकडे आहेत, असंही म्हटलं. एकदा रडूनही पाहिलं. माझा आवाज मला डोक्यावरून ऐकू येत होता, पण ताई, बावीस वर्षं तो मला तिथूनच ऐकू येतो, मला त्यात काय वावगं वाटणार?

मंगळवारी पाहतो तर बायका कोंबड्या घेऊन नुबियाच्या घराकडे चाललेल्या. आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे: मयत असेल तर कॉफी-साखर न्यायची, लग्न ठरत असेल तर कोंबडी. म्हणजे कुणीतरी माझ्या आधी विचारलं! बुधवारी दिवसभर मी गाडीत बसून त्या माणसाला शिव्या घातल्या. कोण हा चोर, कोण हा पाजी, समोर आला तर गाडीखाली घालीन म्हणालो. चौकात ओनोफ्रे न्हाव्याने काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"अहो एवारिस्तो, तो दुसरा कोण ते एकदाचं सांगून टाका ना! अख्खं गाव सकाळपासून शोधतंय!"

त्याने बोट वर केलं. कर्ण्याकडे. मग मला यामिलचा अर्धा तास एकदम समजला: त्या वाटाण्याएवढ्या माइकची वायर थेट कर्ण्याला गेली होती.

लाजेने मेल्यासारखं झालं, तरी तसाच नुबियाकडे गेलो. अंगणात सात कोंबड्या. ती कढईपाशी उभी, मी समोर, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"तीन दिवस गावभर ओरडत फिरलात, आणि इथे काय दातखीळ बसली?" ती म्हणाली. "चला गाडीत. माझंही गावाला ऐकू दे, म्हणजे दहा जणींना उत्तर देत बसायला नको."

ती गाडीत बसली, वाटाण्याजवळ तोंड नेलं आणि बोलली. तिचं नीट ऐकावं म्हणून मी गाणं कमी करायला गेलो (तिथेच माझं नशीब फुटलं).

असो. मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. यामिल म्हणतो, एकच वायर काढायची आहे, दोन मिनिटांचं काम.

ता. क. दुसरा. मी भलतंच बटण फिरवलं. अकॉर्डियन एवढं कडाडलं की शेजारी बसलेल्या नुबियाचे नुसते ओठ हलताना दिसले. ती उतरून गेली. तिने काय सांगितलं ते चौकात सगळ्यांनी ऐकलं, आणि मी विचारलं की लोक नुसते पोट धरून हसतात. तिलाच पुन्हा विचारायला तोंड नाही. ताई, मला भीती वाटते. तू तिला फोन कर आणि सहज विचारल्यासारखं करून हो की नाही ते काढून घे. पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. तिसरा. फोन नको. आत्ताच नुबिया अरेपे घेऊन आली होती. पाकिटावर तुझं नाव बघून म्हणाली, ताईंना लिहा, आईची कर्णफुलं गुरुवारच्या बसने पाठवा, आणि लग्नाला याल तेव्हा तुमच्या भावाचे कानही एकदा तपासून घ्या म्हणावं.