माझे बागायतदार श्रोते

३ मार्च, सकाळी
दिल्लीहून साहेब येतायत. राष्ट्रीय रेडिओवर जनतेचा विश्वास किती उरलाय ते गावात फिरून बघणार. त्यावर ठरणार, आमचं रत्नागिरीचं केंद्र ठेवायचं की दिल्लीचाच कार्यक्रम इथे वाजवायचा. सगळ्यांची तंतरलीय. मला मात्र गुदगुल्या होतायत. मी नैमित्तिक निवेदक, म्हणजे ड्युटी लागली तर मानधन, नाहीतर घरी. पण जनतेचा विश्वास म्हणजे दुसरं काय, माझा आवाजच! परवा पालीच्या बाजारात भाजीवालीनं मला आवाजावरून ओळखलं. नम्रता म्हणते, ती भाजीवाली शाळेत माझ्याच वर्गात होती. बायकोला कौतुक कसलं ते नाहीच.
संकल्प: कायम नोकरीची ऑर्डर येईपर्यंत आंबट बंद. घसा जपायचा.

५ मार्च
नम्रतानं कैरीचं सार केलं होतं. सार प्यायचं असतं, ते आंबटात धरत नाहीत.
केंद्रात काटकसरीचं परिपत्रक आलं, गुळगुळीत रंगीत कागदावर. चहा बंद. रेडिओ महामंडळाचा कारभार कसा सुधारायचा ते मी केंद्रप्रमुख मॅडमना सांगितलं: आधी निवेदकांचा पगार, मग पंखे, उरलं तर अधिकारी. त्या म्हणाल्या, बातम्यांची वेळ झाली. म्हणजे पटलं.

९ मार्च, संध्याकाळी
गावी गेलो, श्रोते बघायला. डोळे भरून आले. बागेबागेत आंब्याच्या कलमाच्या फांदीला रेडिओ टांगलेला, आवाज फुल्ल! माणूस मात्र एकही दिसेना. तल्लीन असतील.
आप्पांना विचारलं, रेडिओ लागतो का रोज. वडील माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पण आज म्हणाले, "दिसभर लागतो. तुजा आवाज तर हवाच."
जन्मात पहिल्यांदा बापानं चांगलं म्हटलं. रडलो. नम्रता काहीतरी सांगायला बघत होती. असल्या क्षणी बायकांनी बोलू नये.

१० मार्च
मॅडमना गळ घातली, साहेबांना आमच्याच गावी न्या. पगाराचं भाषण हिंदीत पाठ करतोय. विश्वासला हिंदीतही विश्वासच म्हणतात. निम्मं झालं.

१४ मार्च
साहेब आले. बागेत पाऊल टाकतोय तोच शेजारच्या संदेशच्या कलमांतून माझा आवाज: "नमस्कार, श्रोते हो!" साहेब खूश. मी त्याहून. मग लक्षात आलं, मी तर इथे साहेबांच्या शेजारी उभा आहे. आज माझी ड्युटीच नाही.
साहेबांनी संदेशला विचारलं. मॅडमनी भाषांतर केलं, नको तितकं नीट.
"वांदरांसाठी लावतो," संदेश म्हणाला. "गान्यांना सरावली ती. ह्या अभयचा आवाज लागला का पलतात. पन तेची ड्युटी रोज नसते, म्हनून पेनड्राइव्हात भरून ठेवलाय."
आणि माणसं काय ऐकतात?
"मानसं मोबाइल बगतात. पन वांदरांचा भरवसा पक्का हाय, सायेब."
साहेब पोट धरून हसले. भाषण राहिलं, पण छाप पडली हे नक्की.

२ एप्रिल
ऑर्डर आली! केंद्र राहणार. माझा आवाजही राहणार, कायम! पेढे घेऊन आम्ही दोघं गावी आप्पांकडे आलो. नम्रतानं दुसरं पान वाचून दाखवलं. निवेदन एकदाच रेकॉर्ड करून रोज वाजवायचं. मानधन त्या एका ड्युटीचं. यापुढे निवेदकाची गरज नाही.
पेढे आप्पांनी खाल्ले.

६ एप्रिल, दुपारी
आमच्या बागेतला रेडिओ बिघडला. आप्पा म्हणाले, "रिकामाच हायस ना? मग जा, चार शबूद बोल जा."
गेलो. कलमावर वानरांचं अख्खं कुटुंब, हातात आमचा हापूस. किती दिवसांनी श्रोते समोर दिसत होते. घसा साफ केला. आवाजात होती नव्हती तेवढी माया आणली आणि म्हणालो, "नमस्कार, श्रोते हो."
श्रोते पळाले.