कुरणाला वळसा

प्रिय दादा,

पत्ता बरोबर आहे की नाही, मला ठाऊक नाही. आधीची चार पत्रं परत आली नाहीत, म्हणजे ती तुला मिळाली असणार असं धरून चालले आहे. आईने सांगितलंय, जेवणाची आबाळ होते का विचार, खोकला गेला का विचार. विचारलं. पण हे पत्र तिला वाचून दाखवलेलं नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दार लावून लिहिते आहे.

ऑफिस म्हणजे तुमची दिव्यांची खोली. पाळीवर जाताना तुम्ही जिथून दिवे घ्यायचात, तीच. भिंतीवर नंबर घातलेले खिळे अजून आहेत. बाबांच्या खिळ्यावर मी माझी पर्स टांगते. खाण बंद झाली आणि दोन महिन्यांत तू निघून गेलास, तेव्हा मी नववीत होते. आता तू आलास तर चुकशील. कोळशाचे ढीग सपाट करून त्यावर गवत लावलंय, खाणीत पाळणा सोडायचं मोठं चाक रंगवून फाटकाशी उभं केलंय आणि जिथे ट्रक भरायचे तिथे पर्यटकांच्या गाड्या लागतात. शहरातून माणसं येतात, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, आणि दिवसभर आपल्या टेकड्यांवरून चालतात. बाबा म्हणायचे, आम्ही पोट भरायला या डोंगरात उतरलो, हे पोट कमी करायला वर चढतात. आणि स्वतःच खो खो हसायचे.

मला पर्यटनाच्या ऑफिसात ही नोकरी लागली तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावापुढे पदवी लागली होती. आईने नेमणुकीचं पत्र शेजारी वाचून दाखवायला नेलं, तिला वाचता येत नाही हे विसरून. काम होतं पायवाटा आखायचं. मला वाटलं होतं, दादा, की या वाटांमुळे लोकांना कळेल तुम्ही काय केलंत ते. प्रत्येक वळणावरच्या पाटीचा मजकूर मी लिहिला. तू वाचला असतास तर नेहमीसारखी ‘मास्तरीण’ म्हणून माझी टर उडवली असतीस, पण मनापासून लिहिला होता.

दक्षिणेकडची वाट मी सगळ्यात आधी आखली. वसाहतीतून खाणीकडे जाणारी तुमची जुनी पायवाट मोठ्या कुरणापाशी आली की उगीचच डावीकडे वळायची, काटेरी झुडपांतून लांब वळसा घालून पलीकडे निघायची. कुरण तर सरळ, मोकळं, वरून सगळी दरी दिसते. मी कंपनीचा नकाशा काढून पाहिला. कुरणाखालच्या वरच्या थरात कोळशाचे खांब जागच्या जागी दाखवले होते. छत धरून ठेवायला सोडतात ते. म्हणजे जमीन पक्की. मी वाट सरळ केली. बाबांना नकाशा दाखवला तर ते कुरणावर बोट ठेवून म्हणाले, वळणाने घे. मी विचारलं, का? म्हणाले, सगळे तिकडूनच जातात. मी म्हटलं, बाबा, हे काही कारण झालं का? ते उठून हात धुवायला गेले.

वाट सुरू झाली त्या रविवारपासून बाबा कुरणाच्या तोंडाशी घडीचं स्टूल टाकून बसायला लागले. येणाऱ्याला म्हणायचे, साहेब, इकडून जा, बाई, इकडून जा, तिकडे साप आहेत. कधी साप, कधी मधमाश्या, एकदा तर पिसाळलेला बैल. लोक हसायचे, काही त्यांच्यासोबत फोटो काढायचे, बरेचसे ऐकायचेही. पण झुडपांत कपडे फाटले अशा तक्रारी ऑफिसात आल्या. साहेबांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या वडिलांना आवरा, नाहीतर पाटीवर त्यांचंही नाव घाला, प्रेक्षणीय स्थळ म्हणून. सगळे हसले. मीही हसले, दादा. आणि पुढच्या रविवारी तिथे जाऊन, वीसेक माणसं बघत असताना, बाबांना म्हटलं, उठा, माझी लाज काढू नका. त्यांनी स्टूल मिटलं आणि ते घरी गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी साडेदहाला, कुरण खचलं.

फार मोठा खड्डा नव्हता. आपल्या स्वयंपाकघराएवढा असेल. एक शाळेतल्या बाई होत्या, नवऱ्याबरोबर चालत होत्या. नवरा दोन पावलं पुढे होता, पाणी मागायला मागे वळला तर मागे कुणी नव्हतं. त्यांना वर काढायला दुपार झाली, तोवर त्या गेल्या होत्या. नंतर ते गृहस्थ याच खोलीत, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर माती तशीच. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, इथल्या कुणालाच माहीत नव्हतं का? आणि मी म्हटलं, नाही, कुणालाच नाही.

घरी आले तर बाबा ओट्याशी उभे होते. मी न विचारता त्यांनी सांगितलं. शेवटच्या वर्षी कोळसा कमी पडायला लागला तेव्हा मुकादमाने तुमच्या, म्हणजे बाबांच्या आणि तुझ्या, टोळीला वरच्या थरातले खांब काढायला लावले. तोंडी हुकूम. नकाशावर खांब उभेच राहिले. सहा जण होतात, आणि कुठे बोलायचं नाही असं एकमेकांना वचन दिलंत. बोललात कुणीच नाही, पण त्या कुरणावर पायही ठेवला नाहीत कुणी. तुमचं बघून सगळी वसाहत वळशाने चालायला लागली. तुमच्या पायांनी एवढं सांगितलं होतं, ते मला, शिकलेलीला, वाचता आलं नाही. बाबा म्हणाले, कुरण एकच नाही. आणखी जागा आहेत. कुठे, ते सांगितलं नाही.

मी चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं. बाबांना उठवलं तेही लिहिलं, त्या गृहस्थांशी खोटं बोलले तेही. मग त्यांनी बाबांना बोलावलं. धुतलेला सदरा घालून ते आले, टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, मला काही माहीत नाही, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. अधिकारी माझ्याकडे इतक्या दयेने बघत होते की मला मान वर करवेना. अहवालात आता लिहिलंय, नैसर्गिक कारणाने जमीन खचली. मला वाटांच्या कामावरून काढून पाट्यांच्या गोदामाच्या नोंदी बघायला बसवलंय. घरी बाबा आणि मी एका ताटलीतलं मीठ घेतो, पण बोलत नाही. आई दोघांकडे बघते आणि ताटं उचलते. मी ज्यावर विश्वास ठेवला होता, शिकलं की खरं कळतं, खरं सांगितलं की लोक ऐकतात, त्यातलं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

बाबा असं का वागले ते मला परवा कळलं. मी पुन्हा विचारायला गेले तर म्हणाले, तुझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल, त्याचं नाव कागदावर गेलं की गेलं. त्याचं म्हणजे तुझं. टोळीतले बाकीचे चौघे वारले. मी खोटी ठरले तरी चालेल, पण तू सुटावास म्हणून ते गप्प आहेत. हे तुला कुणी कळवलं नसेल. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास, सांगितलं ते केलंस, आणि मग इथे राहवेना म्हणून गेलास. मी तुला दोष देत नाही. द्यायला माझ्याजवळ जागाच नाही.

सोबत नकाशाची प्रत घातली आहे. बाकीच्या तीन वाटा त्यावर लाल शाईने काढल्यात. जिथे जिथे खांब काढलेत तिथे फुली मार आणि खाली सही कर. सहीशिवाय चालणार नाही, मी विचारून पाहिलं. किंवा बाबांना दोन ओळी लिही, की बोला. तू उत्तर देशील असं मला वाटत नाही, खरंच वाटत नाही. पण एक तारखेला उत्तरेकडची वाट उघडते आहे, आणि पहिल्याच दिवशी एका शाळेची सहल आहे. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, तुमच्याच ऑफिसने वाट सुरक्षित असल्याचं लेखी दिलंय. बेचाळीस मुलं आहेत, दादा.

तुझीच,
मास्तरीण