बळदातली जागा

ता. ६ नोव्हेंबर १८६४, रविवार
अकोल्याहून तिसऱ्या दिवशी अमरावतीस पोचलो. बैलगाडीत अंग आंबले, पण मन बरे आहे. उद्या शाळेत रुजू व्हायचे. विलायतेतून कापसाची मागणी वाढल्यापासून या गावात माणसाला राहायला जागा मिळत नाही. प्रत्येक घरात आधी कापूस, मग माणसे. शेवटी नत्थुजी या कापसाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या माडीखालची खोली दिली. मला खालीवर न्याहाळून म्हणाले, “तुमी बारीक आहा मास्तर, म्हणून मावसान. जाडे असते तं कापूसच ठेवला असता.” त्यांच्या पत्नी तानुबाई यांनी गरम भाकर आणि झुणका आणून दिला. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो.

ता. ७
खोली सात हात लांब, पाच हात रुंद. दोन कोनाडे. खाट टाकल्यावर शकुनची पेटी ठेवायला जागाच उरत नाही.
शकुन, माझी पत्नी, श्रावणात गेली. तेराव्याला सासूबाईंनी सांगितले होते की अहेवपणी गेलेल्या बाईचे लुगडे आणि जोडवी सवाष्णीला द्यावीत, घरात ठेवू नयेत. मी हो म्हणालो आणि दिली नाहीत. पेटीत तिचे हिरवे लुगडे आहे, त्याला अजून तिचा वास येतो. पेटी खाटेवर ठेवून मी खाली निजलो.

ता. ९
खाट दुसऱ्या भिंतीला लावताना पाठीमागची भिंत पोकळ वाजली. लिंपणाचा पोपडा काढला तर आत कमरेइतक्या उंचीवर लाकडी झडप. उघडली. दोन भिंतींच्या मधले बळद निघाले, जुन्या घरांत धान्य साठवायला असते तसे. त्याचे वरचे तोंड माडीत असावे. आत झडपेच्या कडेपर्यंत कापूस भरलेला होता. कोरडा, मऊ. पेटी त्यावर अलगद ठेवली. खोली एकदम मोठी वाटू लागली.
नत्थुजींना विचारायला हवे होते. मला कुणाला काही विचारणे जमत नाही.

ता. १३, रविवार
कापूस हातभर खाली बसला. पेटीच्या वजनाने असेल. वरची जागा रिकामी झाली म्हणून पुस्तके, हंडा आणि शकुनने शिवलेली गोधडीही आत ठेवली. सगळे मावले.
एक गोष्ट मनात आली. भाव असा आहे की लोक अंथरुणातल्या गाद्या उसवून कापूस विकत आहेत. मग गेल्या सालचा, पिवळा पडलेला हा कापूस नत्थुजींनी का ठेवला?

ता. १७
दुपारी शाळेतून आलो तेव्हा भिंतीत आवाज येत होता. धप, धप, मऊ. अंगणात तुडवणी चालली असेल असे वाटले. इथे उंच टांगलेल्या मोठ्या पोत्यात एक बाई उतरते. कापूस मळू नये म्हणून आधी पाय धुऊन कोरडे करते. वरून कापूस टाकत राहतात, ती तुडवत राहते आणि कापसाबरोबर वर वर येते. पोते भरले की ती बाहेर.
अंगणात जाऊन पाहिले. सगळ्या बायका शिदोरी सोडून बसल्या होत्या. पोते रिकामे लोंबत होते.

ता. २०, रविवार
पेटी आणखी दीड हात खाली गेली. वाकून ओढून घेतली. झाकण उघडे. लुगडे नाही. जोडवी नाहीत. कुलपाची किल्ली माझ्या करगोट्याला आहे.
पेटी हातातून सुटली, पुन्हा खाली गेली.

ता. २२
तानुबाई ओसरी झाडत होत्या. माझ्या दाराशी कापसाचे पिवळे पुंजके पाहून झाडू थांबला. मी झडप उघडल्याचे कबूल केले. त्या खाली बसल्या, माझ्याकडे न बघता सांगत गेल्या. नत्थुजींची भावजय जमुना, पंचविशीतली विधवा, गेल्या साली बळदात तुडवायला उतरली. माडीतून तिघे कापूस टाकत होते. “टाकतच गेलो जी. येईन वर, येईन वर म्हणून. कापसात हाक आयकू येते का?” बळद भरले तरी ती आली नाही. फौजदाराच्या भीतीने वरचे तोंड आणि खालची झडप लिंपून टाकली. गावात सांगितले, चांदूर बाजारला माहेरी गेली.
मी विचारले, तिच्या पायांत जोडवी होती का. तानुबाईंनी झाडू उचलला.
“रांडमुंड बाई जोडवी घालते का मास्तर?”

ता. २४
धप, धप. आणि प्रत्येक पावलाबरोबर बारीक किणकिण. शकुनचे डाव्या पायातले एक जोडवे सैल होते, चालताना वाजायचे. तसेच—
शकुन असेल. नाहीतर जिला काहीच घालू दिले नाही ती, शकुनचे घालून—

ता. २६
तानुबाईंनी सांगितले असावे. नत्थुजी म्हणाले, उद्या सकाळी बळद वरून भरून टाकणार, झडप लिंपणार, सामान काढून घ्या. मग हसले. “मेलेल्या बायकोचं गाठोडं कवरिक सांभाळता? दुसरी करा.” मी बरे म्हणालो.
झडपेला हात लावला. काढला.

ता. २७, रविवार
माडीत कापूस चढवताहेत. हसण्याचे आवाज. झडप उघडली — पेटी दिसत नाही, गोधडी नाही. दोन पुरुष खोल, जोत्याच्याही खाली, हिरवा पदर. बाकी काही उरले नाही तिचे.
वरून पहिली टोपली पडली. पदर हलला.
नत्थुजींना थांबा म्हणावे. थांबवून काय सांगू? एका क्षणाचे काम — उतरायचे, पदर धरायचा — कापसाबरोबर वर येता येते.
किणकिण. माझ्याच खाली. थांबते, पुन्हा—
दुसरी टोपली.
पाय धुळीचे आहेत. तांब्या घेतला. डावा धुतला. उजवा धुतला. पंच्याने कोरडे केले, बोटांच्या मधलेही. आता फक्त