वकीलपत्रावरचं नाव

नाना, आज बार रूममध्ये पुन्हा तुमची बदनामी करून आले. न्यायाधीशांच्या आणि न्यायाधिकरणांच्या सदस्यांच्या जागा लवकरच रिकाम्या होणार, अशी बातमी आहे. माझ्या दोघी ज्युनिअर लगेच अर्जाच्या मागे लागल्या. म्हटलं, बायांनो, आधी वकीलपत्रांवर तुमचं नाव आहे का ते बघा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. आणि नेहमीची गोष्ट सांगितली. सख्ख्या बापानं तीन वर्षं राबवून घेतलं आणि एकाही कागदावर नाव घातलं नाही. पोरी हळहळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. दिवाणी न्यायाधीशांच्या जागा निघाल्या आणि वयाच्या हिशेबानं माझं ते शेवटचं वर्ष होतं. तीन वर्षं वकिली केल्याचा दाखला जिल्हा न्यायाधीशांकडून हवा होता, आणि तो कोर्टातल्या कागदांवरूनच मिळायचा. धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार दोन दिवस फायली काढतायत, मी टेबलासमोर उभी आहे, मुदतीला तीन दिवस उरलेत. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, "ताई, सगळीकडे नानांचंच नाव आहे. पक्षकारानं तुम्हाला वकील नेमल्याचा एकही कागद नाही." ते सगळे दावे मी लिहिले होते हो, बोटं दुखेपर्यंत!

तशीच तणतणत घरी आले. तुम्ही मधल्या सुट्टीत जेवायला बसला होता, आई कळण्याची भाकरी थापत होती. चप्पल न काढताच मी ओरडले, "तुम्ही माझा गळा कापलात! पक्षकार नाराज होतील म्हणून पोरीचं नाव गाळलंत!" तुमचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी. का नाही घातलं नाव?" तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात, हात धुतलात. "चुकलं माझं," एवढंच म्हणालात आणि कोट चढवला.

कुठल्या न्यायाधीशाकडे कधी शब्द टाकायला न गेलेले तुम्ही त्या दुपारी जिल्हा न्यायाधीशसाहेबांच्या दालनात गेलात. मी व्हरांड्यात उभी. दार नीट लागलं नव्हतं. "साहेब, तीन वर्षांतला एकेक दावा तिनं लिहिलाय. अक्षर पडताळून बघा. मी नुसतं वाचलं." साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, मला कळतंय. पण अक्षराला दाखला देता येत नाही." तुम्ही बाहेर आलात तेव्हा चार वकील जमलेच होते. एकानं हसत विचारलं, "काय नाना, तीन वर्षं पोरीचं लिहिलेलंच वाचत होता होय?" तुम्ही म्हणालात, "हो." मी तुमच्यासाठी थांबले नाही. झपाझप पुढे निघून आले. मुदत गेली, जागा गेली.

आता खरं लिहिते, हा कागद कुठे जाणार नाही म्हणून. माझ्या वकिलीचा पहिलाच आठवडा. पिंपळनेरचा एक शेतकरी ओसरीवर बसला होता. वकीलपत्रावर तुमच्या नावाखाली तुम्ही स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलंत. तो कुरकुरला, "नाना, तुम्हीच उभा ऱ्हा. पोरगीनं आठे काय काम शे?" तुम्ही उसळलात, "मग दुसरा वकील बघ!" आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे केलंत. आदल्या दिवशी कोर्टात नुसती तारीख मागताना माझी बोबडी वळली होती, सगळे हसले होते. मी म्हणाले, "राहू द्या नाना, तुमचंच असू द्या." तुम्ही तो कागद बाजूला ठेवून नवं वकीलपत्र लिहिलंत. त्यानंतरही तुम्ही तीनचारदा विचारलंत, मी दर वेळी तेच म्हणाले. मग तुम्ही विचारायचं सोडून दिलंत.

स्वयंपाकघरात हे एका वाक्यात सांगता आलं असतं तुम्हाला. आईसमोर मला खोटं पाडायचं नव्हतं, दुसरं काय! आई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, तुझ्या बापानंच तुझं वाटोळं केलं. मी तिला म्हणू दिलं. आणि उद्या त्या पोरींनी पुन्हा विचारलं, तर मी तीच गोष्ट सांगेन, नाना. मला माहीत आहे.