बिनमुळाचं चंदन

दादा, काल कंधारच्या पुढच्या एका खेड्यात गेले होते. रविवारच्या पानासाठी बांधावरच्या चंदनचोरीवर लिहायचं होतं. लातूरहून पहाटेची एसटी धरली आणि ऊन तापायच्या आत शेतात पोचले. ज्यांचं झाड गेलं त्या बाई साठी ओलांडलेल्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगी झाली त्या वर्षी बांधावर आपसूक उगवलेलं रोप त्यांनी काट्या लावून जगवलं होतं. गेल्या महिन्यात घरचे सगळे उमरीला लग्नाला गेले, तेवढ्या दुपारात चोरांनी झाड नेलं. "तिकडं मांडवाच्या दारात माझ्या हाताला अत्तर लावायलेत, आन इकडं माझंच झाड कापायलेत," असं म्हणून त्या हसल्या. रागावल्या असत्या तर लिहायला सोपं गेलं असतं.

खोड जमिनीपासून वीतभर वर सपाट कापलं होतं. मुळं जागच्या जागी. "त्यायला खणायला फुरसत न्हवती," बाई म्हणाल्या. मग खोडावरची माती झटकत, "कापणारा सापडत न्हाई, ते ठीक हाय. पण घेणारा तर कुटं ना कुटं दुकान मांडून बसलाय ना, ताई? त्याला कळत नसंल का?" मी वहीत तारीख आणि गावाचं नाव लिहीत होते. ते दोन्ही आधीच लिहून झालेलं होतं.

आपलं नांदेडचं अत्तराचं दुकान, मागचं अंगण, अंगणातली अर्क काढायची तांब्याची देग. तुम्ही झाकणाच्या कडेला ओली माती लिंपताय आणि मी पोत्यातून चंदनाचे तुकडे निवडते आहे, कॉलेजातून नुकतीच आलेली, ओढणी कमरेला खोचलेली. केवडा असो की मोगरा, फुलाचा वास चंदनाच्या तेलात धरला तरच टिकतो, हे मला पुस्तकाआधी तुमच्याकडून कळलं. एक माणूस पोतं घेऊन येतो, बरोबर शिक्क्याचा परवाना. तुम्ही कागदाकडे बघत नाही. पोतं जमिनीवर उपडं करता, हाताने पसरता आणि विचारता, मुळ्या कुठायत? तो म्हणतो, राहिल्या शेतात, पुढच्या खेपेला आणतो. तुम्ही पोतं स्वतः भरून त्याच्या हाती देता. तो गेल्यावर मला म्हणता, "कागद कुणीबी आणतंय, बाई. मूळ आणायला झाड आपलं असावं लागतं." सगळ्यात जास्त तेल मुळांत; धनी असेल तो दोन दिवस उघडपणे खणत बसेल, चोर बसणार नाही. इतकं साधं होतं ते. मी एकदा म्हटलं होतं की पोलीस जे विचारत नाहीत ते आपण कशाला विचारायचं. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर चिडलात. पोलिसाला काय, म्हणालात, आपल्याला लोकांचा हात हातात घेऊन अत्तर लावायचं असतं.

परवा ज्या व्यापाऱ्याशी बोलले, तो म्हणाला की लाकडावर काय धन्याचं नाव लिहिलेलं असतं का. दुसरी बाजू म्हणून मी ते घेतलं. काल सहाला मजकूर द्यायचा होता. पावणेसहाला मी त्याच्या वाक्याखाली एक वाक्य घातलं: मुळं नसलेला माल बघताक्षणी ओळखता येतो. संपादकांनी विचारलं, हे म्हणतंय कोण? मी लिहिलं, नांदेडच्या एका जुन्या अत्तरवाल्याने सांगितलं. तो माझा बाप, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, हे लिहिलं नाही.

आणि केवड्याच्या अत्तराचा तो एक घाणाही लिहिला नाही. बिनमुळाचं चंदन तुम्ही आयुष्यात एकदाच देगीवर चढवलंत, आणि ते तुमचं चुकलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते पुरतं खरं नाही. माझ्या मैत्रिणीच्या लग्नासाठी केवड्याचं अत्तर मी तिच्या आईला कबूल केलं होतं, तुम्हाला न विचारता. त्या वर्षी चंदन मिळत नव्हतं. पोतं आलं तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. मी ते सोडलं, वरपासून तळापर्यंत हात घातला. मुळं नव्हती. कोपऱ्यातल्या डब्यात मागच्या मालाची चार-पाच मुळं उरली होती, ती मी आणून वर ठेवली आणि तुमची वाट बघत बसले.

तुम्ही आलात. त्या दिवशी पोतं उपडं केलं नाहीत. वरचं एक मूळ उचललंत, नाकाशी नेलंत, माझ्याकडे बघितलंत. मग एकेक करून सगळी मुळं परत त्याच कोपऱ्यातल्या डब्यात टाकलीत आणि म्हणालात, "चढव." लग्नात मांडवाच्या दारात तुम्ही स्वतः उभे राहून पाहुण्यांच्या हातांना ते अत्तर लावलंत. त्यानंतर चंदन निवडायचं काम मला कधी दिलं नाहीत, आणि मी लातूरला नोकरीला निघाले तेव्हा त्याच घाण्यातली एक कुपी माझ्या पिशवीत ठेवलीत. ती बक्षीस होती की काय होती, हे विचारायचं राहिलं. वास अजून आहे. चंदन टिकतं.

आज छापून आलं. ते वाक्य आहे, कुणी कापलं नाही. काल निघताना बाईंनी पुन्हा विचारलं होतं, घेणाऱ्याला खरंच कळत नसंल का. मी म्हटलं, विचारून सांगते. त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने नंबर लिहून दिला. सकाळपासून वही उघडी आहे. मी अजून फोन लावलेला नाही; तेवढ्या वेळात तुम्हाला हे लिहीत बसले.