शेवटची चाळीस पानं

देवपूर, धुळे
रविवार, दुपार

प्रिय सारिका,

पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर ‘माझी पहिली वाचक रत्ना हिला’ असं तुझ्या अक्षरात लिहून पाठवलंस. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की ते पान फाडून तुला जळगावला परत पाठवावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. तू फोनवर दोनदा विचारलंस, ‘कसं वाटलं?’ मी दोन्ही वेळा ‘वाचतेय’ म्हणाले. खोटं बोलले. पुस्तक आलं त्याच आठवड्यात वाचून झालं होतं. पण फोनवर बोलायला लागले असते तर माझा आवाज चढला असता, आणि तू ‘अगं, गोष्ट आहे ती’ म्हणून हसण्यावारी नेलं असतंस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी चांगलं ते सांगते, नाहीतर म्हणशील रत्नाला लिखाणातलं काय कळतं. ‘केळीबागेतलं पाऊल’ हातात घेतलं आणि माझी भाजी करपली. खरंच करपली. मानसीच्या खिडकीखाली रोज सकाळी चिखलात कुणाच्या तरी पावलांचे ठसे उमटलेले असतात, हे तू काय लिहिलंयस! केळी पिकवायच्या त्या थंड खोल्या, त्यांचा वास, ट्रक भरताना चाललेली आरडाओरड, सगळं आपलं सावदा. अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आता डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून मी दुपारी मोठ्यानं वाचून दाखवायचे. तिसऱ्या प्रकरणातच त्या म्हणाल्या, “तो दीर शे चोर. ध्यानमा ठेव.” आणि तोच निघाला! तरीही शेवटपर्यंत ऐकायचं त्यांनी सोडलं नाही. चोर आधीच कळूनही माणूस ऐकत बसतो, ही तुझी ताकद आहे.

खटकलं तेही सांगते. तो कृषी अधिकारी साहिल दर वेळी शर्टाच्या बाह्या दुमडूनच का येतो? मानसी उंच टाचांच्या चपला घालून केळीच्या बागेतून धावते. सावद्याची पोर तू, तुला माहीत नाही तिथे ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात ते? चार पावलांत तोंडावर पडली असती. पण हे मी माफ करते. अशा पुस्तकांत एवढं चालायचंच. आमच्या वाचन मंडळात राजकुंवर बाई आहेत, कॉलेजात शिकवायच्या. त्या तुझी पुस्तकं हातात धरतात ती मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी. “टाइमपास,” म्हणतात. मी त्यांच्याशी भांडले आहे, सारिका. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातल्या त्या खाटेवर मला तुझ्याच नायिकांनी सोबत केली. दुखणं विसरायला लावणारं पुस्तक हलकं असेना का, त्यानं काय बिघडतं? तुझ्या बाजूनं मी नेहमी उभी राहिले, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच आज रागवायचा हक्क मला आहे.

शेवटची चाळीस पानं तू कुणाला विचारून लिहिलीस?

मानसीचा नवरा विक्रांत कामाला जाताना तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावतो. तिचा फोन स्वतःच्या खिशात घालून नेतो. माहेरी निघाली तर बॅग उलटी करतो. एकदा थोबाडीत मारतो. हे सगळं तू अगदी खरं लिहिलंयस. ती बाई दाराला कान लावून बसते, आणि जिन्यावरच्या पावलांवरून आज त्याचा मूड कसा आहे ते ओळखते. हे घरबसल्या कुणाला सुचत नाही. आणि मग शेवटी काय निघतं? की धाकट्या दिराचा डाव विक्रांतला आधीपासून माहीत होता! मानसीच्या जिवाला धोका होता, म्हणून कुलूप! थोबाडीत मारली तीसुद्धा भीतीपोटी! आणि ती येडी भर बाजारात, ट्रकांच्या मधून धावत जाते आणि त्याच्या गळ्यात पडते. “तुझ्या कुलपातही प्रेमच होतं, मला उशिरा कळलं.” हे वाक्य तू लिहिलंस, सारिका? तुझ्या हातानं?

पुस्तक मिटलं तेव्हा अक्का म्हणाल्या, “हाई बठ्ठं खोटं शे, माय. सगळं खोटं.” आणि उठून आत गेल्या.

पाचोऱ्याची गोष्ट मी कधी काढत नाही. तूच म्हणाली होतीस, पुन्हा तो विषय कुणाकडेही नको, आणि मी दिलेला शब्द पाळला. आज काढते. मी आईच्या हातचं लोणचं घेऊन तुझ्याकडे आले होते. वरच्या मजल्यावर तुझ्या दाराला बाहेरून कुलूप. मी परत फिरणार, तेवढ्यात आतून तू हळूच हाक मारलीस. मला वाटलं चुकून लागलं असेल. मी विचारलं, “किल्ली कुठे आहे?” तू म्हणालीस, “त्यांच्याकडे. संध्याकाळी येतात. तू जा, रत्ना, कुणी बघेल.” खाली किराणा दुकान होतं ते रुपचंदभाऊंचं, घरमालकही तेच. मी त्यांना सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकाला थांबवलं, हातोडा घेतला आणि वर आले. तुला एवढंच विचारलं, “बेटा, तोडू?” तू आतून किती तरी वेळ काही बोललीच नाहीस. मग “तोडा” म्हणालीस. तेवढं बोलायला तुला काय लागलं असेल, ते मी दाराच्या या बाजूला उभी राहून ऐकलंय.

तिथे कुठला दीर होता, सारिका? कुठले ठसे होते खिडकीखाली? कुणापासून वाचवत होता तो तुला? त्याला कुलूप लावावंसं वाटायचं म्हणून तो लावायचा. यापलीकडे काही रहस्य नव्हतं. नंतर तू आमच्या सावद्याच्या घरी राहिलीस, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून पहिली गोष्ट लिहिलीस. लोकांना आपण सांगितलं, तुझ्या नवऱ्याची बदली लांब झालीय. पुढे लोकांनी विचारणं सोडलं, आणि नव्या पोरींना तर वाटतं मावशीचे यजमान कधीच वारले. मी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, पोटच्या पोरीला, तेजललाही नाही.

तू म्हणालीस की आधीचा शेवट वेगळा होता, प्रकाशकानं परत पाठवला. वाचकाला गोड शेवटच लागतो म्हणाला. अगं, मग गोड कर ना! मानसीला बाहेर काढ, नोकरी दे, हवा तर तो बाह्या दुमडणारा साहिल दे. मी टाळ्या वाजवल्या असत्या, राजकुंवर बाईंच्या नाकावर टिच्चून. गोड शेवटाबद्दल माझी तक्रार नाही. तू मारणाऱ्याला देव केलंस, ही तक्रार आहे. अडीचशे पानं पोटातलं खरं लिहिलंस, आणि शेवटी त्याच्यावर पाणी ओतलंस. सगळंच खोटं असतं तर मी पुस्तक मिटून झोपले असते. पहिलं इतकं खरं आहे, म्हणूनच तर शेवटही खरा वाटतो माणसाला. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तेजल आखाजीच्या सणाला माहेरी आली ती अजून इथेच आहे. तुला मी फोनवर सांगितलं, उन्हाळ्याची राहतेय. तसं नाही. पहिले काही दिवस ती नुसती झोपायची. झोक्यावर बसायला शेजारच्या मुली बोलवायला आल्या तर आत जाऊन पडायची. मग एकदा केस विंचरून देताना थोडं थोडं सांगायला लागली. हितेंद्रनं नाशकातली नोकरी सोडायला लावली. फोन त्याच्याकडे असतो. बाहेरून कुलूप लावून जातो. मारलं का विचारलं तर मान खाली घातली. मी म्हटलं, आता परत जायचं नाही. तीही “नाही” म्हणाली. सारिका, तिचा आवाज बारीक होता, पण ती म्हणाली. त्यानंतर तिनं तुझं पुस्तक वाचायला घेतलं. मीच दिलं, तोवर माझा शेवट वाचून व्हायचा होता. काल सकाळी पाहते तर ती बॅग भरत होती. मी विचारलं, “हे काय?” तर म्हणाली, “आई, मी घाई केली का गं? त्यालाही माझी काळजीच वाटत असेल. सारिका मावशीनं किती समजून लिहिलंय. तिला माणसं कळतात.” मी खूप बोलले, रडले. ती म्हणाली, “तू आई आहेस, तू असंच म्हणणार.” येत्या रविवारी हितेंद्र तिला न्यायला येतोय. तिनंच बोलावलंय. माझं तोंड तू पाचोऱ्यालाच बांधलंयस, आणि दिलेला शब्द मी मोडणार नाही. तो मोडायचा तर तूच मोड. पुस्तकाचं काय करायचं ते नंतर बघ, मला आज त्याच्याशी कर्तव्य नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं धुळ्याला ये. तेजलच्या शेजारी बस, आणि ते दार कोणी लावलं होतं, कोणी तोडलं, आणि तू आतून काय म्हणालीस, हे तुझ्या तोंडून तिला सांग.

वाट बघत असलेली,
तुझीच
रत्ना